पहिल्या हाकेला ओ

काकाजी, परवा तुमच्या तेरवीला मी जेवले.

हे आधी सांगते, कारण तेरवीच्या पंगतीला मी बसत नाही आणि त्यावरून नदीच्या वाटेवर तुम्ही मला किती छळलंत ते आपल्या दोघांनाच माहीत. "मी मेलो तं काय करशीन वो पोट्टे? तवाबी उपाशी जाशीन का?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, "जाईन. तुमच्या नावानं झाड लावीन, पन पत्रावळीवर नाई बसनार." तुम्ही काठी आपटून हसायचात. "झाड लावजो ना. पन बुंदी खाऊन लावजो. उपाश्या मानसानं लावलेलं झाड जगत नाई."

परवा मी बुंदी खाल्ली. रुखमाकाकू दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर सरकलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "जेवून जा" एवढंच म्हणत होत्या. मी त्यांच्याकडे एक वाक्य सांगायला आले होते. ते वाक्य ओठांपर्यंत आलं की मी त्यावर एक घास टाकायचे. अशी माझी पंगत झाली. तत्त्व मोडलं म्हणून मला वाईट वाटलं नाही. ज्यासाठी मोडलं ते मी केलंच नाही, याचं वाटलं.

तुमचा जन्म कधीचा, डाक किती वर्षं वाटली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय. त्यात तुमचं नाव चुकलंय. तुम्ही असता तर थुंकी लावून बोटानं दुरुस्त केलं असतं. मी ते सगळं लिहिणार नाही. मी फक्त वाटेचं लिहिते.

तीन हिवाळ्यांपूर्वी नागपूरचं शिक्षण संपवून मी गावी परत आले, तेव्हा मला तुमच्यासोबत फिरायचं नव्हतं. मला उद्यानाची माहिती हवी होती. नदीकाठच्या जुन्या आमराईत सिमेंटचे बाक, घसरगुंडी, एक जिराफ आणि दोन हरणं बसवली, फीत कापली, फोटो काढले, आणि दोन पावसाळ्यांत धरणाचं पाणी फुगून मागं, आमराईपर्यंत आलं आणि निम्मं उद्यान बुडालं. पाणी कुठवर येणार ते सांगणारे दगड तिथं आधीपासून रोवलेले होते. जिराफ त्यातल्याच एका दगडाच्या खालच्या अंगाला उभा केला होता. कोणी सही केली? कोणाला वाटलं की सिमेंटला पोहता येतं? मला त्यावर पुस्तिका लिहायची होती. मी वरठीला जायला गाडीला किक मारणाऱ्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "देवाजीभाऊले पूस. रिटायर झाला तरी तो रोज त्या वाटेनं जाते. पाय रिटायर नाई झाले त्याचे."

म्हणून मी आले. तुम्ही माझ्या हातातली वही पाहिली आणि म्हणालात, "लिव्हत लिव्हत चालता येत नाई बाई. आंधी चाल."

मग तीन हिवाळे चाललो. पांदणीच्या वाटेनं खाली उतरायचं, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं आणि त्यात हिरवी दाटलेली लाखोळी. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तुम्ही पुढं, मी मागं, कारण धुऱ्यावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत आणि तुम्हाला मागून वाद घालणारा माणूस आवडायचा. मोहाचं एकटं झाड आलं की तुम्ही काठी बदलायचात, डाव्या हातातून उजव्या हातात. का, ते मी कधी विचारलं नाही. मग सागाचं वळण, आणि वळण घेतलं की एकदम वैनगंगा. नदी म्हणावी तर वाहत नाही, तलाव म्हणावा तर काठ सापडत नाही.

पहिल्या दिवशी ते उद्यान पाहून मी वही उघडलीच नाही. जिराफाची फक्त मान पाण्याबाहेर होती. पाणी इतकं स्थिर की तीच मान उलटी होऊन खालीही गेलेली, दोन माना, मध्ये पोट नाही. घसरगुंडी वरून कोरडी होती आणि खाली पाण्यात शिरत होती. तिचं टोक दिसत नव्हतं. बुडालेले आंबे साल गाळून हाडांसारखे पांढरे उभे होते आणि प्रत्येक फांदीवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, हालचाल न करता. एका बाकाचे पाय तेवढे पाण्यात होते. वारा नव्हता, तरी मध्येच एका जागी बुडबुडे येत होते.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

"माया सायकलचा रस्ता. तिकडच्या गावाले डाक न्यायचा. कवा कवा वाट्टे, घंटी वाजून राहिली."

"काकाजी, गाळातून वायू निघते. दुसरं काई नाई."

"मी कुठं म्हनलं भूत वाजवते म्हनून? वाट्टे म्हनलं. वाटाले बी तुयी परवानगी लागते का?"

आपलं पहिलं भांडण हे. दुसरं त्याच आठवड्यात झालं आणि ते मिटलं नाही. शालिक ढिवर डोंग्यातून जाळं ओढत होता. त्यानं धुक्यातून हाक मारली, "देवाजीऽऽ!" तुम्ही जागच्या जागी थांबलात. मान किंचित वाकडी, एक बोट वर. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी ओ द्यायला तोंड उघडलं तर तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट, की बोटांचे ठसे उठले. दुसरी हाक आली, "ओ देवाजी, बहिरा झाला का बे?" तेव्हा तुम्ही ओ दिलात आणि माझा हात सोडलात.

नदीवर पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. पाण्यातलं जे असतं ते एकदाच हाक मारतं. त्याला दुसऱ्यांदा मारता येत नाही. हा नेम गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, टोल्यातही होता, माझी आजीसुद्धा पाळायची. पण तुम्ही तो पेशासारखा पाळला. डाक वाटतानाही तुम्ही प्रत्येक दारात दोनदा हाक मारायचात. म्हणायचात, पहिली हाक घराला, दुसरी माणसाला. तुमच्या आधीचा डाकवाला आमच्या टोल्यात पाऊल टाकत नसे. सगळ्यांची पत्रं विहिरीजवळ एकाच्या हातात देऊन जायचा. तुम्ही पहिल्याच दिवशी सायकल आत आणलीत आणि आजोबांच्या दारात त्यांच्या नावाला 'श्री' लावून हाक मारलीत. दोनदा. आजोबा तेव्हा घरातच होते, पण पहिल्या हाकेला उठले नाहीत. त्यांना वाटलं, दुसऱ्या कोणाला बोलावतायत. ही गोष्ट बाबा अजून सांगतात. मी ती तुम्हाला कधी सांगितली नाही. वाटलं, तुम्ही फुगाल.

मी मात्र दोनदाच्या विरोधात होते. आमच्या घरात देवळी आहे, पण तीत पुस्तिका आहेत. बाबा दर ऑक्टोबरात नागपूरहून थैली भरून आणायचे, पातळ, खरखरीत कागदाच्या, दोन पिना मारलेल्या. मी अक्षरं त्यांवर शिकले. पिनांचा गंज पानांवर उतरायचा आणि मला वाटायचं, तोही छापलेलाच आहे. त्या पुस्तिकांनी मला एक सवय लावली: जे भीतीनं पाळलं जातं त्याला विचारायचं, तू कोणाच्या कामाचं? म्हणून मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं, "पन खरंच मानूस असन तं?"

"मानूस असन तं दुसऱ्यांदा मारन."

"आनि दुसऱ्यांदा माराची ताकद नसन तं?"

तुम्ही चालू लागलात. धुऱ्यावर पोचलो. मग मागं न पाहता सांगितलंत. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे, मोठा भाऊ नामदेव पंधराचा. अशीच धुई. दोघं काठावर गरी टाकून बसलेले. एकच हाक आली. नामदेवनं ओ दिला आणि उठून गेला. तिसऱ्या दिवशी तो खूप खाली सापडला.

"पाय घसरला असन," मी म्हणाले.

"असन."

"मंग?"

"मंग काई नाई. बापानं हाक मारली नोती, मायनं मारली नोती. गावात एकेकाले पुसलं, कोनीच मारली नोती." तुम्ही काठीनं धुऱ्यावरचं एक ढेकूळ फोडलंत. "पन आयकली तं मी बी होती."

आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा आला नाही. तेव्हा मला फक्त पुस्तिकेचा विषय सापडला.

'पहिल्या हाकेला ओ'. सोळा पानं, पिवळं मुखपृष्ठ. नामदेवची गोष्ट मी त्यात अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून घातली, नावासकट, तुम्हाला न विचारता. आणि कहर म्हणजे तपासायलाही तुमच्याकडेच दिली, कारण वाईट अक्षर वाचण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. तुम्ही चार दिवसांनी कागद परत केलेत. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं. माझ्या एका वाक्याखाली रेघ मारलेली: "भीतीनं गप्प बसलेला माणूस निर्दोष नसतो, त्याच्या गप्प बसण्यानं कोणाचा तरी जीव जाऊ शकतो." समासात तुमच्या डाकेच्या अक्षरात: "हे खरं आहे." आणि नामदेवच्या नावावर एक बारीक, सरळ रेघ. बाकी गोष्ट तुम्ही तशीच ठेवलीत. माझ्याशी भांडला नाहीत. मी नाव काढलं आणि पुस्तिका छापली. माफी मागितली नाही. मला वाटलं, नाव काढलं म्हणजे झालं.

बाजाराच्या दिवशी मी त्या वाटल्या. लोकांनी घेतल्या, त्यात भजी बांधली, काहींनी वाचल्या. शालिक म्हणाला, "चांगलं लिव्हलं बाई. पन तू पान्यावर राहत नाई." तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोहापाशी थांबलात, काठी बदललीत आणि म्हणालात, "बरं बाई. जिकली तू. तुयासाठी आजपासून एकच हाक."

"खरंच?"

"खरंच म्हंजे? डाकवाल्याची जबान आहे. पन तुले पहिल्याच हाकेले ओ द्या लागन. मंग नोको म्हनजो, आयकू नाई आली."

"देईन."

"घाबरशीन."

"कायले घाबरू?"

आपण परीक्षा घेतली, आठवतं? मला सागाच्या वळणावर उभं करून तुम्ही पुढं गेलात आणि धुक्यात दिसेनासे झालात. थोड्या वेळानं हाक आली, "सुजातेऽऽ". ती तुमच्याकडून आली नाही. ती पाण्यातून आली, जिराफाच्या मानेजवळून. पण मी ओ दिला, लगेच, मोठ्यानं. तुम्ही बाकावर बसलेले सापडलात, पाय वर घेऊन, पोरासारखे खूश. "पाह्यलं? इथं काठ वाकडा आहे. इथून बोललं का आवाज पान्यावरून फिरून येते. मले लय आंधीपासून माहीत आहे."

"मंग लोकायले सांगत काहून नाई?"

"मले कोनी पुसलं नाई. तू पुसत जा, लिव्हण्याच्या आंधी."

त्यानंतर महिनाभर रोज एक हाक आणि रोज माझा ओ. मी ते सगळ्यांना सांगत फिरले. सत्तरीचा माणूस बदलला, पहा, एका पुस्तिकेनं बदलला.

डिसेंबरात तुम्ही आठ दिवसांसाठी लेकीकडे, वंदनाताईकडे, नागपूरला गेलात. बसस्टँडवर काकू तुमच्या पिशवीत मुरमुरे कोंबत होत्या आणि तुम्ही मला म्हणालात, "वाट मोडू नको. एकटी जात जा." मी गेले. रोज गेले. पाचव्या दिवशी धुकं इतकं होतं की धुऱ्यावर मला माझेच पाय दिसत नव्हते. मोहापाशी मी विनाकारण एक काडी उचलली, डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि टाकून दिली. सागाच्या वळणावर थांबले. समोर काहीच नव्हतं. पाणी नव्हतं, आंबे नव्हते, फक्त वर, कुठंतरी, जिराफाचं एक शिंग.

आणि तुमचा आवाज आला. "सुजातेऽऽ."

एकदा.

पाण्यातून आला.

तुम्ही नागपूरला होता. सातव्या मजल्यावर. तुम्ही तिथं असणं शक्य नव्हतं आणि आवाज तुमचा होता, 'ते' लांबवण्याची तीच पद्धत. माझं तोंड उघडं होतं. ओ घशात तयार होता. काकाजी, मी तो गिळला. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. मान किंचित वाकडी, एक बोट वर. ते बोट वर केलेलं मला नंतर कळलं.

दुसरी हाक आली नाही. पाण्यावर एक पाणकावळा उडाला, त्याचे पंख ओल्या कापडासारखे वाजले, आणि मग तेही नाही. मी वळले. पळाले नाही, हे स्वतःला सांगत चालले. घरी आले, चहा प्यायले, आणि ओसरीवर बसून दुसऱ्या एका पुस्तिकेचे कागद तपासू लागले. माझ्या हातानं तीन चुका दुरुस्त केल्याचं आठवतं.

नवाच्या सुमारास शालिक ओरडत पांदणीनं वर आला.

तुम्ही बाकावर बसलेले होता. पाणी पोटरीपर्यंत. त्याला पाठमोरे दिसलात तर वाटलं, गरी टाकून बसलाय. त्यानंही हाक मारली. दोनदा मारली.

बाकीचं काकूंनी सांगितलं, येणाऱ्या प्रत्येकाला, त्याच शब्दांत. तुमचं फ्लॅटमध्ये मन लागलं नाही, पायाला जमीन सापडत नाही म्हणालात. आदल्या संध्याकाळच्या बसनं परत आलात. सकाळी चहा न घेता निघालात. "म्हने, सुजाताले सांगू नको. वाटेवर जाऊन बसतो, चकित करतो तिले."

छातीनं गेलात, डॉक्टर म्हणाले. वंदनाताईनं विचारलं, कोणी लवकर पोचलं असतं तर? त्यांनी खांदे उडवले. सांगता येत नाही, म्हणाले. मग ताईनं ओसरीवर जमलेल्या आम्हा सगळ्यांना विचारलं, "कोनी हाक गिक आयकली का? त्या टायमाले कोनी होतं का तिकडं?"

मी म्हणाले, "नाही. धुकं होतं." जसं काही धुक्यानं कान बुजतात.

मी भुतावर विश्वास ठेवत नाही. आजही नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी तत्त्वं गळून पडतात आणि माणूस देवाला शरण जातो. माझी तत्त्वं शाबूत आहेत, आणि म्हणूनच मला लपायला जागा नाही. भूत असतं तर मी वाचले असते. पाण्यातलं काहीतरी होतं, त्याला ओ न देऊन सुजाता शहाणी ठरली, असं झालं असतं. पण तिथं भूत नव्हतं. तिथं बाकावर एक माणूस होता, ज्याच्याकडे एका हाकेपुरता श्वास होता किंवा जो माझ्यावर विसंबून एकदाच मारत होता. यातलं कुठलं, ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही आयुष्यभर दोनदा मारलीत. मी तुम्हाला एकदा मारायला शिकवलं, आणि त्या एकाला मी तुमच्याच जुन्या नेमानं उत्तर दिलं नाही. मला काठाचा वाकडेपणा माहीत होता. तुम्ही दाखवला होता. वचन माझं होतं, वाक्य माझं होतं, त्याखालची रेघ तुमची होती. इतकं सगळं हाताशी असताना मी गप्प बसले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगते. बाबांनी मागच्या अंगणातून हाक मारली तर मी हातातलं काम थांबवून दुसरीची वाट पाहत बसले. ते आत आले, "काय वो, बहिरी झाली का?" शालिकचं वाक्य. तुम्हालाही तो हेच म्हणाला होता. देवळीतल्या पिवळ्या गठ्ठ्याकडे पाठ करून बसले, तर पाठीवर कोणी बोट ठेवल्यासारखं वाटायचं. चुकतं कुठं ते मला ठाऊक होतं. पत्र पोचवायचं राहिलं होतं.

काल दुपारी काकूंकडे गेले. त्या अंगणात उन्हात बसून लाखोळीची भाजी निवडत होत्या. वंदनाताई भांडी परत करायला गेली होती. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली आणि म्हणाले, "काकू, मी खोटं बोलली. मी होती तिकडं. काकाजीनं हाक मारली होती. मी ओ नाई देल्ली."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती डाव मारली?"

"एकदा."

"एकदाच?"

"हो."

आता त्या थांबल्या. भाजीचा एक देठ बोटांत फिरवत राहिल्या. "मले पन्नास वर्सं दोनदा मारली त्या मानसानं," त्या म्हणाल्या. "न्हानीतून मारो का वावरातून मारो. रुखमे, रुखमे. मी पहिल्या हाकेले उठतच नोती. आदतच नाई." मग माझ्याकडे पाहिलं. "आवाज कसा होता?"

"म्हंजे?"

"भेलेला होता का? दुखत होतं का त्यायले, आवाजावरून?"

मी तेरा दिवस तो आवाज ऐकत होते आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी डोळे मिटून पुन्हा ऐकला. "नाई," मी म्हणाले. "रोजच्यासारखा होता. लपून बसल्यासारखा."

"खरं सांगून राहिली का मले बरं वाटावं म्हनून?"

"खरं."

मला वाटलं, आता रडतील, किंवा मला हाकलतील, आणि दोन्हींसाठी मी तयार होते. त्यांनी भाजीचं सूप उचललं, आत नेऊन ठेवलं आणि दारातूनच म्हणाल्या, "मले राग आहे तुया. तो जानार नाई, मी सांगून देतो. पन उद्या सकारी मले ने तिकडं. मी कवा गेली नाई त्या वाटेनं. त्यायची वाट होती ती."

आज सकाळी गेलो. काकूंनी तुमची काठी घेतली होती आणि वरून तुमचा मफलर. धुऱ्यावर त्या पुढं, मी मागं. मोहापाशी त्या थांबल्या आणि काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. मी विचारलं, "काहून बदलली?" तुम्हाला तीन वर्षं जे विचारलं नाही ते.

"इथून उतार लागते ना. उजव्या अंगाले पानी येते," त्या म्हणाल्या. "दिसत नाई का तुले?"

सागाचं वळण आलं. धुकं त्या दिवसाएवढं नव्हतं, पण होतं. पाणी थोडं उतरलंय. जिराफाची छाती बाहेर आली आहे, गाळानं माखलेली, आणि बाकाच्या पायांवर पाण्याची रेघ उमटली आहे. बाक रिकामा होता. काकू त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. पाणकावळे पंख पसरून बसले होते. कुठंच काही हलत नव्हतं. मग त्या एका जागी बुडबुडे आले, तुमच्या सायकलच्या रस्त्यावरून, एकामागून एक, कोणी चालत यावं तसे, आणि थांबले.

मी काकूंना म्हणणार होते, गाळातून वायू निघतो.

तेवढ्यात हाक आली.

शब्द कळला नाही. नाव होतं की नुसता लांबलेला स्वर, सांगता येणार नाही. पलीकडच्या काठावरून कोणी बैलाला बोलावत असेल. शालिक असेल. सारस असेल. पाण्यातून आली एवढं खरं, आणि इथं सगळंच पाण्यातून येतं. काकूंनी माझं मनगट धरलं. तुमच्यासारखंच, त्याच जागी, तितकंच घट्ट. त्यांचं बोट वर गेलं. मला त्यांचा श्वास थांबलेला ऐकू आला. काकाजी, नाकारत नाही. मी घाबरले होते. तुम्ही म्हणाला होतात, घाबरशीन.

"ओऽऽ," मी म्हणाले.

माझा आवाज पाण्यावरून गेला, जिराफाला लागला, आंब्यांतून फिरला आणि परत आला, जुन्या आवाजासारखा, माझा नसल्यासारखा. मनगटावरची पकड सैल झाली नाही. पण वर गेलेलं बोट हळूहळू खाली आलं. आणि पन्नास वर्षं पहिल्या हाकेला कधी न उठलेल्या रुखमाकाकू, पदर डोक्यावर ओढून घेत, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "आली जी."

आम्ही दोघी बाकाकडे चालू लागलो. दुसरी हाक आली नाही. आम्ही तिच्यासाठी थांबलोही नाही.